आठ हजार नऊशे बहात्तर

बॅकअप सुरू होतो रात्री अकराला
आणि सकाळी नऊला ओपीडी उघडते तेव्हाही
चालूच असतो,
कार्य उरकल्यावरही न हललेल्या पाहुण्यासारखा.
वर पॅथॉलॉजीत डॉ. वनमाला कर्णिक
एक स्लाइड उघडायला क्लिक करतात
आणि चहा मागवतात.
चहा येतो, संपतो.
स्लाइड अजून अर्धीच, गुलाबी, धुरकट.

परळचं ट्रस्टचं हॉस्पिटल. तळघरातली खोली.
मे महिन्यात मी इथे स्वेटर घालून बसते.
सोबत धुरी, वायरमन, देवगडचा.
सर्व्हरशी त्याला देणंघेणं नाही,
पण शिडी त्याची.

टॉर्च मारला तर मागे दोन नेटवर्क कार्डं.
एकात तार, दिवा जीव तोडून लुकलुकतोय.
दुसऱ्यात कंपनीनं लावून पाठवलेलं रबरी बूच,
तीन वर्षं, तसंच.
सगळं एकाच दारातून:
रिपोर्ट, प्रिंटरचे हट्ट, कँटीनची बिलं
आणि दिवसभरात कापलेल्या गाठींचे फोटो,
एकेक दोन-दोन जीबीचा.

"म्हणजे आमच्या चाळीसारखंच," धुरी म्हणाला,
"पिण्याचं नि धुण्याचं, नळ एकच.
आणि पाणी जाणार सहाला."

बूच काढलं.
बॅकअपला वेगळी तार, वेगळा पत्ता,
भिंतीतल्या मोकळ्या पोर्टातून थेट समोरच्या इमारतीत.
पाकिटं पंधराशेची होती, ती नऊ हजारांची केली.
माल तोच, खेपा कमी.
दोन ओळींचं काम.

त्या दोन ओळींनंतर बॅकअप जो बसला तो बसलाच.
एरर नाही, कुरकुर नाही.
शून्य पूर्णांक तीन टक्के.

मग एक पाकीट पाठवलं, बजावून:
वाटेत तुकडे होऊ द्यायचे नाहीत.
लहान गेलं, परत आलं.
मोठं गेलं
ते गेलंच.
आठ हजार नऊशे बहात्तर.
(नऊ हजारांतले अठ्ठावीस पत्ता लिहिण्यात जातात.
पत्त्यालाही जागा लागते.)

दोन्ही टोकांना मान्य होतं.
मधल्या कुणाला तरी नव्हतं,
आणि तो नाही असंही म्हणत नव्हता.

"अर्ध्या इंचाचा पाइप," धुरी म्हणाला,
आणि थोडा वेळ छताकडेच बघत राहिला.
मग न बोलता शिडी उचलली.

रक्तपेढीबाहेर, फॉल्स सीलिंगची तिसरी फरशी.
आत आठ पोर्टांचा एक डबा, धुळीची साय आलेला,
त्यावर सावेसाहेबांच्या अक्षरात चिठ्ठी:
"तात्पुरता. काढू नये."
सावेसाहेब रिटायर होऊन वसईला केळी लावतात.
"मीच बसवलावता," वरून धुरीचा आवाज,
"चार दिवसांसाठी."

डबा काढला. दोन तारांची तोंडं एकमेकांना जोडली.
आठ हजार नऊशे बहात्तर.
परत आलं.
परत एकदा पाठवलं, उगाच. परत आलं.

तीन चाळीसला बॅकअप संपला.
इतकी रात्र उरलेली मी इथे कधी पाहिली नव्हती.
धुरीनं डब्यातल्या आंबोळ्या काढल्या, गार.

पण ठेवलेलं परत मिळतं का, ते बघेपर्यंत
ठेवलं असं म्हणू नये.
डोळे मिटून एक फाइल निवडली, परत आणली, उघडली.
जांभळे ठिपके, गुलाबी मैदान,
कुणाच्या तरी आतलं.
मला ते वाचता येत नाही.
कुणाचं, हे विचारायचं नसतं.
कडेपर्यंत नीट होतं, एवढं पाहिलं
आणि बंद केलं.

नऊ दहाला कर्णिक मॅडमचा फोन:
"आज काही बिघडलंय का गं? लगेच उघडतंय."
नाही मॅडम, म्हटलं.
"बरं," म्हणाल्या, पण आवाजात संशय होता.

निघण्याआधी नव्या तारेला चिठ्ठी लावली.
कुठून कुठे, ते लिहिलं. तारीख घातली.
'कायम' लिहायला
पेन टेकवलं होतं.